चरबी उतरवणारं चाक

कच्च्या मांसाचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. शिजलेलं मटण मी मागून वाढून घेतो, रस्सा भुरकतो, नळी चोखतो. पण तेच मटण पिशवीतून ओट्यावर आलेलं दिसलं की पोटात ढवळून येतं. बायको याला ढोंग म्हणते. ताई तर यावरून मला जन्मभर चिडवत आलेली. आणि त्याच ताईनं एक दिवस माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन सांगितलं, की तिला पक्ष्याच्या कातडीवरची चरबी काढायचं मशीन हवंय आणि ते मीच करून द्यायचं.

माझं वर्कशॉप काळेवाडीत आहे. पत्र्याची शेड, एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोन ग्राइंडर आणि वेल्डिंगचा सेट. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना मोठे सप्लायर माल देतात, त्या मोठ्यांना छोटे देतात, आणि त्या छोट्यांना लागणारी फिक्श्चरं, म्हणजे काम करताना वस्तू पकडून ठेवणारे साचे, आणि किरकोळ मशिनं मी बनवतो. म्हणजे उतरंडीतलं तळाचं मडकं. पण मला माझं काम आवडतं, कारण लोखंड कधी सडत नाही. ग्रीसनं हात कोपरापर्यंत काळे झाले तरी मी तसाच चहा पितो. घाण म्हणजे काय हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि मी माझ्यापुरतं ते केव्हाच ठरवून टाकलेलं होतं.

ताईचं सगळंच उलटं. ती माझ्याहून बरीच मोठी. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून तिची सगळी नोकरी गेली. तिथे काचेच्या कपाटांत पेंढा भरलेले जुने पक्षी होते. त्यांची झडलेली पिसं चिकटवायची, कसर लागली की औषध मारायचं, सुटलेला डोळा परत बसवायचा, ही कामं आपोआप तिच्याकडे आली. नवा पक्षी मात्र तिला कधी करायला मिळाला नाही. रानातल्या पक्ष्याला हात लावायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे असं तीच मला बजावून सांगते. मग निवृत्त झाल्यावर तिनं पाळीव पक्षी घ्यायला सुरुवात केली. कुणाचा लाडका कोंबडा, कुणाचं बदक. आपोआप मेलेला असेल तरच घ्यायचा, हा तिचा नियम. थेरगावच्या तिच्या फ्लॅटची मागची बाल्कनी तिनं या कामाला दिली. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीला खेटून एक गावरान कोंबडा प्लॅस्टिकमध्ये मान मुडपून झोपलेला मी स्वतः बघितला, आणि त्या दिवसापासून तिच्या घरचं सरबत बंद केलं. बर्फ त्याच कप्प्यातला होता.

दोन-चार कोंबडे तिला झकास जमले. मग तिच्या बोटांत संधिवात शिरला. सकाळी मूठ मिटायची नाही, मिटली तर उघडायची नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण ती शेजारणीकडून उघडून आणायची. आता हे काम असं असतं, की पक्षी सोलला म्हणजे पिसांसकट अंगरखा निघून येतो, पण त्या अंगरख्याच्या आतल्या बाजूला चरबीचा थर असतो. तो सगळा काढावा लागतो. ब्लेडनं, चमच्यानं, नखानं, तासन्‌तास खरवडून. थोडीही राहिली तर पुढे ती कातडीतून पाझरते आणि पिसं पिवळी पडतात. ताईनं एक बदक केलं, त्या वेळी बोटांनी अर्ध्यातच दगा दिला. तिनं तसंच उरकलं. महिन्याभरात बदकाच्या छातीवर लोणच्याच्या बरणीला येतो तसा तेलकट डाग आला, मग वास आला. वास म्हणजे खवट खोबरेल आणि ओलं फडकं एकत्र करून उन्हात ठेवावं तसा. ताईनं ते बदक सकाळी स्वतःच्या हातांनी घंटागाडीत टाकलं.

त्यानंतर हा राजहंस आला. बदकाचा थोरला भाऊ, पांढराशुभ्र, चोच नारिंगी. चाकणच्या कांदा मार्केटमधल्या एका म्हाताऱ्या अडत्याच्या गोडाऊनवर तो राखणीला होता. कांद्याच्या जाळीच्या गोणीत बर्फ भरून, त्यात हंस घालून, म्हातारा स्वतः टेम्पोत बसून थेरगावला आला. मी नेमका तिथे होतो. गोणीतून पाणी ठिबकत होतं आणि ते नुसतं पाणी नव्हतं. म्हातारा म्हणाला, “ह्याच्यावानी राखण कुण्या कुत्र्यानं केली न्हाई, ताई. मलाबी चावायचा. त्यो दारात हुबा पायजे, बस.” ताईनं गोणी उघडून पिसांखालून पोट दाबून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. कोंबड्याच्या कितीतरी पट चरबी असते म्हणे राजहंसाला. ह्याला तर अडत्याच्या गोडाऊनवर आयुष्यभर आयतं खायला मिळालेलं.

म्हातारा गेल्यावर ती मला म्हणाली, “हा बिघडला तर सगळी हत्यारं घंटागाडीत टाकणार. परत कातडीला हात लावायची नाही.” ताई उगाच धमक्या देणाऱ्यांतली नाही. आमच्या आईशी एकदा अबोला धरला तर पुरता वर्षभर धरला होता. त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी एक परदेशी माणूस गरगर फिरणाऱ्या तारेच्या चाकावर कातडी धरतोय, आणि चरबीचे कण सगळीकडे उडताहेत. मी एक डोळा मिटून, मान वळवून, जेवढं बघवलं तेवढं बघितलं. पण मशीन म्हणून विचार केला तर पोरखेळ होता. एक मोटर, एक शाफ्ट, त्यावर वायर व्हील, भोवती कव्हर. असली वायर व्हील आमच्याकडे रोज लागतात, वेल्डिंगचे दाणे आणि गंज झाडायला. मी म्हटलं, व्हिडिओ पाठवून ठेव, करतो. आणि चहा मागवला, तर तिनं त्याच हातांनी कप उचलला ज्या हातांनी सकाळी हंसाचा गळा कातडीतून सोडवला होता. मी माझा कप तसाच ठेवला.

चाक निवडतानाच पहिली माती खाल्ली. हाताशी होतं ते जाड, पीळ घातलेल्या तारेचं. त्यानं पत्र्यावरचा रंगसुद्धा सोलून निघतो, कातडीचं काय घेऊन बसलात. मग बारीक, नागमोडी तारेचं मऊ चाक आणलं, तेही स्टेनलेसचं, कारण साध्या तारेचा गंज पांढऱ्या पिसांना लागला तर निघत नाही. ग्राइंडरची मोटर फार जोरात फिरते, म्हणून एका बंद पडलेल्या घरघंटीची मोटर काढली, तिचा वेग बराच कमी. निळा प्लॅस्टिकचा ड्रम उभा कापून त्याचं कव्हर केलं, उडालेलं सगळं आतच राहावं म्हणून. हात बरबटलेले असणार म्हणून स्विच पायाचा ठेवला. आणि पुढे, चाकाला अगदी खेटून, टेकू बसवला. ग्राइंडरवर काम करताना वस्तू ज्या पट्टीवर टेकवतात ती. चाक आणि टेकू यांच्यात काडेपेटीची काडी जेमतेम जाईल एवढीच फट हवी, नाहीतर वस्तू आत ओढली जाते. आमच्या धंद्यात ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे.

मशीन दिसायला देखणं झालं. मी त्याला हिरवा रंगही दिला. इतपत काम मी समाधानानं केलं आणि पोटात काही ढवळलं नाही.

ढवळलं ते पुढे. हंसाला लावायच्या आधी दुसऱ्या कशावर तरी चालवून बघायला हवं होतं. कंपनीतही पहिला पीस पास झाल्याशिवाय माल चालू करत नाहीत. ताई म्हणाली, चिकनच्या दुकानातून कातड्या आण. आमच्याकडे लोकांना चिकन बिनकातडीचं लागतं, त्यामुळे कसाई एका ओढीत पिसांसकट कातडी उतरवतो आणि मागच्या पिंपात फेकतो. त्या पिंपापाशी मी पिशवी घेऊन उभा राहिलो. उन्हाची वेळ. पिंपावर माशांचा एक वेगळाच हलता थर होता. दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजे राव, कुत्र्यांना का? मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. त्यानं कोपरापर्यंत हात घालून ओंजळभर कातड्या पिशवीत टाकल्या, पिशवी माझ्या हातात दिली, आणि ती कोमट होती. ती ऊब मला अजून आठवते आणि नकोशी वाटते.

गुरुवार होता, म्हणजे आमच्या पट्ट्यातला सुट्टीचा वार. कामगार नव्हते. ताई ॲप्रन घालून आली. येताना हंसाची कातडी घमेल्यात घेऊन आली होती. सोलायचं काम तिनं दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवत-काढत, रडतखडत केलं होतं, मग कातडी फ्रीजरमध्ये गोठवून ठेवली होती, आणि आता ती वितळवून आणली होती. एकदा वितळली की परत गोठवता येत नाही, पिसं मुळातून सुटायला लागतात, असं तिनं आल्याआल्या सांगितलं. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. मी घमेल्यावर गोणपाट टाकलं, दिसू नये म्हणून. वास गोणपाटातून येतच होता, शिळ्या तुपासारखा.

कोंबडीची पहिली कातडी मी सांडशीत धरली. बोटांनी धरायची माझी तयारी नव्हती. पाय स्विचवर ठेवला, कातडी टेकूवर टेकवून चाकाला लावली आणि डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच ती आत ओढली गेली. फडफड असा आवाज झाला. सांडशीत एक चिंधी उरली. बाकीची ड्रममध्ये, माझ्या चष्म्यावर, आणि एक तुकडा थेट ओठावर. ओला, मऊ, गुळगुळीत. मी नळावर जाऊन ओठ कपडे धुण्याच्या साबणानं घासला, मग काथ्यानं घासला. ताई हसत नव्हती. तिनं दुसरी कातडी पुढे केली.

दुसरी फाटली. तिसरीही. मला वाटलं फट जास्त आहे, म्हणून मी टेकू आणखी आत घेतला. त्यानं जास्तच फाटायला लागली. मग वाटलं तार कडक आहे, म्हणून चाक एका लोखंडी पट्टीवर घासून मऊ केलं. तरी तेच. प्रत्येक वेळी नवा फवारा. शेडमध्ये पातळ पिवळसर ओल पसरली होती, ड्रिलिंग मशीनच्या हँडलला बोट लावलं तर घसरत होतं. माझ्या त्या स्वच्छ लोखंडाची अशी दशा बघून मला रडू यायचं बाकी होतं. मी ताईला वाट्टेल ते बोललो. म्हटलं, असल्या घाणीत तुला काय सुख लागतं तेच कळत नाही, म्हातारपणी जप करतात लोक, तू मढी सोलतेस. ती म्हणाली, “बोलून झालं असेल तर तो व्हिडिओ परत बघ.”

बघितला, दोन्ही डोळे उघडून. त्या माणसाच्या मशीनला टेकूच नव्हता. एक डोळा मिटून बघितल्याचा हा प्रसाद. लोखंडाला टेकू लागतो, कातडीचं तसं नाही. मऊ वस्तू त्या चिंचोळ्या फटीत शिरली की चाक तिला सोडतच नाही. तिला मोकळ्यावर, दोन हातांत ताणून, वरच्यावर फिरवायची असते. मग टेकू खोलला. बिनटेकूचं चाक माझ्या वर्कशॉपमध्ये त्याआधी कधी फिरलेलं नव्हतं, आणि ते मला उघड्या गटारासारखं वाटत होतं.

सांडशीनं ताण देता येत नव्हता, तेव्हा पुढची कातडी ताईनं स्वतःच धरली. एका हाताची बोटं खाली, अंगठा वर, असं ताणून चाकाला हलकेच लावलं. चरबी उडाली आणि खाली स्वच्छ, करडी कातडी दिसली, नाण्याएवढी. फाटली नाही. मी म्हटलं, झालं, जमलं. आणि त्याच क्षणी ताईचा अंगठा सुटला. चाकानं कातडी तिच्या हातातून हिसकली आणि समोरच्या भिंतीवर फेकली. तिनं दुसरी घेतली. ती पण हिसकली गेली. तिसऱ्या वेळी तिनं अंगठ्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा दाबून धरला, दात आवळले, आणि मला तिच्या मनगटाच्या शिरा ताठलेल्या दिसल्या. कातडी निसटली ती निसटलीच. मी मोटर बंद केली.

आता शेडमध्ये दोनच जण होते आणि त्यातल्या एकाचे हात चालत होते. घमेल्यात हंस वितळून पडला होता. मला हे जे समोर दिसत होतं ते बघायचं नव्हतं. मी रबरी हातमोजे शोधायला कपाट उघडलं आणि कपाटाशेजारच्या भिंतीवरची पाटी दिसली. फिरत्या मशीनवर हातमोजे घालू नयेत. मीच लावलेली. मोजा अडकला की हात आत जातो, यावरून मी पोरांना किती वेळा झापलं असेल त्याला गणती नाही. मोजे परत ठेवले. मागे वळलो तर ताईनं गोणपाट बाजूला केलं होतं.

हंसाची कातडी हातात घेतली तेव्हा पहिली गोष्ट कळली ती वजन. एखाद्या भिजलेल्या गोधडीएवढं. आतली बाजू म्हणजे गार, घट्ट, लोण्यासारखी पिवळी चरबी, बोट लावलं की बोट आत रुतणारी. नखांखाली गेली. बोटांच्या बेचक्यांत गेली. चाकाला लावली तशी ती गरम होऊन वितळायला लागली आणि मनगटावरून कोपरापर्यंत तेलाचे ओघळ आले. वास आता शिळ्या तुपाचा राहिला नव्हता, त्याच्यात काहीतरी जिवंत होतं. मला दोनदा थांबून बाहेर जावं लागलं. दुसऱ्या वेळी सकाळचे पोहे गटारात गेले. परत आलो, तेव्हा ताईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, दोन तळव्यांत धरून, आणि म्हणाली, पाठ झाली, आता पोट घे.

ती माझ्या खांद्यामागे उभी होती. ताण. अंगठा मागे घे. आता वर, पिसाच्या दिशेनं, उलटं नको. मुळं दिसली की थांब. मानेपाशी जरा हलक्या हातानं, तिथली कातडी कांद्याच्या पातीएवढी पातळ. शेपटीपाशी एक गाठ असते, तिच्यात पक्षी पिसांना लावायचं तेल साठवतो. ती ब्लेडनं काढताना फुटली आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन मी करणार नाही. ताई सांगत गेली, मी करत गेलो. चरबीखालून पिसांच्या मुळांच्या रांगा उघड्या पडत गेल्या, वाफ्यात लावलेल्या रोपांसारख्या सरळ. काम चांगलं होतंय हे माझ्या हातांना कळत होतं. हातांना कळलं म्हणून किळस कमी होते असं नाही. उलट मला राग आला, की हे मला जमतंय.

दुपार कलली तेव्हा कातडी साफ झाली होती. कुठेही भोक नव्हतं. ताईनं ती उजेडात धरायला लावली, मान कलती करून सगळीकडून बघितली आणि एका जागी परत चाक फिरवायला लावलं. मग भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात धुतली, कातडी किडू नये म्हणून आतून टाकणखार चोळला. चोळायचं काम तिनं तळहातानं केलं, तेवढं तिला येत होतं. तोंडावर समाधान होतं. हंस वाचला होता, पुढचं सगळं तिला पाठ होतं. मी नळावर हात घासत बसलो होतो. तेल निघालं तरी वास निघत नव्हता.

हात घासता घासता माझ्या डोक्यात पुढचं मशीन सुरू झालं. सवयच आहे. तिला म्हटलं, तुझ्या अंगठ्याचा प्रश्न सोडवू. एक स्प्रिंगचा चिमटा करतो, मनगटाला पट्ट्यानं बांधायचा, कातडी तो धरेल, तू फक्त हात फिरवायचा. पुढच्या वेळेपर्यंत तयार ठेवतो.

“नको करूस,” ती म्हणाली. “मनगटंही जाणार आहेत. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं.”

मी नळ बंद केला. विचारलं, मग हे मशीन कशाला करायला लावलंस?

ती टाकणखार चोळत राहिली. म्हणाली, “ब्लेड हातात देऊन खरवड म्हटलं असतं तर तू कातडीच्या जवळसुद्धा आला नसतास. मशीन म्हटल्यावर आलास. मला दुसऱ्या कुणाचे हात नको होते.”

मला काय वाटलं ते सांगतो. आधी प्रचंड संताप आला, आपल्याला फसवून इथवर आणलं म्हणून. मग दिवाळी आठवली. दिवाळीला ती माझ्याकडे जेवायला होती, आणि श्रीखंड वाढताना तिच्या हातून पळी पडली, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, हात धुऊन आलीस ना नीट? सगळे हसले होते, तीही हसली होती.

मी जाऊन तिच्यासमोर घमेल्यापाशी बसलो. कातडीचं एक टोक वर आलं होतं, ते धरलं. चरबी नव्हती तरी ती ओली होती, गिळगिळीत होती, आणि अंगावर काटा आलाच. ताईनं विचारलं, अजून पंख भरायचे आहेत, तारा घालायच्या आहेत, उद्या येशील का.

म्हटलं, येतो. पण जेवून येतो. नंतर जेवण जात नाही.